नियम क्रमांक नऊ

नियम तिनेच लिहिला होता.
चोवीस वर्षांची होती तावोंगा म्सिस्का,
पायात भावाचे बूट, हातात उसनं पेन,
आणि जिल्ह्याच्या युवक समितीवर तेव्हा
ठाण मांडून बसलेले तिघे म्हातारे,
पैकी एकाला नातवंडं अकरा.
चिडून लिहिलं तिने:
छत्तिसावा वाढदिवस झाला
की संचालकाने महिनाअखेर खुर्ची सोडायची.
टंकला मी.
मी तेव्हाच सत्तेचाळीसचा.
हिशेबनिसालाही वयाची अट लावू का, तिने विचारलं,
आणि स्वतःच म्हणाली, नको,
आकडे जुन्या डोळ्यांना घाबरतात.

म्झुझूहून सरोवराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर
आमच्या दोन खोल्या, एक पडवी,
अकरा शिवणयंत्रं, चालतात सात.
पडवीतल्या बाकावर सकाळपासून पोरं.
कुणाला सुतारकामाचा दाखला हवा,
कुणाला सायकलसाठी कर्ज,
कुणाला नुसतीच सावली.
म्वीझा नावं लिहून घेते,
लिहिताना चेहऱ्याकडे बघते,
हे तिला मी शिकवलेलं नाही.
गोंडवे आमचा ड्रायव्हर. गाडी विकून दोन वर्षं झाली,
किल्ली अजून त्याच्या खिशात.
आता तो यंत्रांना तेल घालतो
आणि वळण आल्यासारखा मधेच मान वळवतो.

देणगीचा हप्ता अडला तो मार्च मला पाठ आहे.
पगाराच्या दिवशी तिने पेटी मधोमध उघडी ठेवली,
म्हणाली, मोजा.
मोजले. कुणी काही बोललं नाही.
एवढ्यात मासळी येईल, गोंडवे म्हणाला.
आणली. उसिपा, वीतभर ढीग,
म्वीझाने न्सिमा रटरटवली.
ताळेबंदात मी खरं तेच लिहिलं:
शिल्लक शून्य, मासळी बत्तीस वाट्या.
लेखापरीक्षकाची तांबडी खूण
अजून आहे त्या पानावर.

ती काही देवी नव्हती.
रागावली की दार आपटे,
एका सहीला तीन तीन दिवस लावी.
चावनांग्वा नावाच्या पोराला तिने चोर ठरवलं,
आणि कात्री सापडली माझ्या खणात.
माफी मागायला बारा मैल सायकल हाकत गेली,
तर तो आदल्या रात्रीच जोहान्सबर्गच्या बसमध्ये बसलेला.
ती माफी कुठल्या खात्यावर टाकायची
मला अजून कळलेलं नाही.

मग छत्तीस आले.
सभेत सगळे एका सुरात: बदलू की, एक ओळ तर आहे.
सर्वांत मोठ्याने लुसुंगू,
ज्याला खुर्ची मिळणार होती तोच.
बाराव्या वर्षी हा फुटबॉल मागायला आला होता;
तो चेंडू परत आल्याची नोंद माझ्याकडे नाही.
तावोंगाने फिका पडलेला कागद उजेडात धरला,
बराच वेळ.
म्हणाली,
त्या तिघांनाही कुणीतरी असंच म्हणालं असेल, नाही?

किल्ल्या मोजून दिल्या. पावती मी फाडली.

सोमवारी ती बाकावर होती,
पोरांच्या रांगेत चौथी,
पायातल्या चपला काढून, उन्हात टाचा ठेवून.
नंबर आल्यावर म्वीझाने वही पुढे ओढली.
नाव. गाव. वय.
वयापाशी ती जरा हसली.
कशासाठी आलात?
म्वीझाने विचारलं, सगळ्यांना विचारते तसं,
चेहऱ्याकडे बघत.
तिने तोंड उघडलं, मिटलं.
आत लुसुंगू
कपाटाच्या दाराशी झटत होता,
लोखंड किरकिरत होतं.

'ढकलू नको रे, उचल!'
ती बाकावरूनच ओरडली.

म्वीझाने रकान्यात तेवढंच लिहिलं.